नौकेच्या तळातील झडपा

शिडाच्या नौकेच्या तळाला मुद्दाम भोके पाडलेली असतात, हे ऐकून नवल वाटेल. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घ्यावे लागते, बेसिन व संडासाचे पाणी बाहेर सोडावे लागते. यांतील बरीच भोके पाण्याच्या पातळीखाली असतात. प्रत्येक भोकात एक आखूड नळकांडे, त्यावर झडप आणि झडपेला जोडलेली नळी अशी रचना असते. नळी फाटली, तर झडप बंद करता येते. पण झडपच तुटली तर?

थोडे गणित करू. भोकाचा व्यास 38 मिलिमीटर आणि ते पाण्याखाली 60 सेंटिमीटर आहे, असे धरू. टॉरिचेलीच्या नियमानुसार आत येणाऱ्या पाण्याचा वेग म्हणजे 2 × 9.8 × 0.6 या गुणाकाराचे वर्गमूळ. तो सेकंदाला सुमारे 3.4 मीटर येतो. भोकाचे क्षेत्रफळ 11 चौरस सेंटिमीटरांहून किंचित जास्त आहे. धार भोकातून निघताना आकसते, म्हणून वेग व क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराचा 0.6 पट भागच घेऊ. तरीही सेकंदाला सुमारे 2.3 लिटर पाणी आत येईल. म्हणजे तासाभरात आठ टनांहून अधिक!

आता त्याच भोकावरचे बल काढू. 60 सेंटिमीटर उंचीचा आणि 11 चौरस सेंटिमीटर तळाचा पाण्याचा स्तंभ जेमतेम 700 ग्रॅम भरतो. एवढे बल आपण तळहातानेही थोपवू शकतो. म्हणूनच प्रत्येक झडपेजवळ निमुळते लाकडी बूच दोरीने बांधून ठेवतात. झडप तुटली की ते भोकात ठोकायचे.

मग झडपा तुटतात कशामुळे? पाण्याच्या दाबाने नव्हे. कुणाचा पाय पडतो, वादळात एखादी जड वस्तू घसरून आदळते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकानुसार झडपेच्या आतल्या टोकावर 500 पौंडांचे, म्हणजे सुमारे 227 किलोग्रॅम वजनाइतके बल 30 सेकंद लावले तरी पाणी अडलेच पाहिजे. यासाठी झडपेचा बूड रुंद असावा लागतो. त्याखाली फायबरग्लासचा किंवा इपॉक्सीने मढवलेल्या प्लायवूडचा जाड ठोकळा बसवतात, म्हणजे बल मोठ्या क्षेत्रावर पसरते. आटेही जुळले पाहिजेत. नळकांड्याचे आटे सरळ आणि झडपेचे निमुळते असतील, तर दोन-तीन वेढ्यांतच झडप घट्ट झाल्यासारखी वाटते, पण पकड अपुरी राहते.

दुसरा शत्रू रासायनिक आहे. साधे पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रण असते. खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त हळूहळू विरघळते आणि मागे सच्छिद्र, गुलाबीसर तांबे उरते. आकार तोच दिसतो, ताकद मात्र गेलेली असते. अशी झडप हलक्या धक्क्यानेही मोडू शकते. त्यामुळे घरगुती नळाची पितळी झडप येथे चालत नाही. ब्राँझ, जस्त गळू न देणारे खास पितळ किंवा काचतंतूंनी बळकट केलेले नायलॉन वापरतात. नळीवर शक्यतो स्टेनलेस स्टीलच्या दोन क्लिपा आवळतात. झडपा अधूनमधून उघडझाप करून मोकळ्या ठेवतात आणि नौका सोडून जाताना बंद करतात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. उभ्या भिंतींच्या प्लास्टिकच्या डब्याच्या तळाला 5 मिलिमीटरचे भोक पाडा. डब्यात तळाशी सारखे पसरून थोडे खडे ठेवा आणि भोकावर बोट धरून तो पाण्यात तरंगवा. बोटाला दाब फारसा जाणवणार नाही. बोट काढून आतली व बाहेरची पाणीपातळी मोजत राहा. डबा खाली जात असला, तरी दोन्ही पातळ्यांतील फरक जवळजवळ तेवढाच राहील. कारण डबा व खडे यांचे वजन त्या फरकानेच तोलले जाते. म्हणजे पाणी आत येण्याचा वेग शेवटपर्यंत मंदावत नाही. भोक 10 मिलिमीटरचे केले, तर डबा बुडायला किती वेळ लागेल? विद्यार्थ्यांना आधी अंदाज करू द्या, मग घड्याळ लावा.