दोन मॉनिटर आणि आईची हाक

रिसोड, मालेगाव, कारंजाकडील काही घरांत आज एक नवे दृश्य दिसते. आईच्या आजारपणासाठी पुण्याहून परतलेला मुलगा घरीच टेबल मांडून नोकरी करतो. समोर दोन मॉनिटर असतात. त्यांवर दिसणारा लिनक्सचा संगणक मात्र पुण्याच्या कार्यालयात चालू असतो. शेजारच्या खोलीतील आई तहान लागली तरी हाक मारत नाही. ‘तो कामात आहे, उगाच कशाला उठवायचे?’ मला या वाक्याची धास्ती वाटते. उतारवयात तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते; त्यात आमच्या वाशिम जिल्ह्याचा मे महिना. पाणी कमी पडले, लघवी रोखून धरली, की मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाट मिळते. मग असंबद्ध बोलणे सुरू होते, आणि अंधारात एकटीने उठताना तोल जातो.

म्हणून ज्येष्ठ वाचकहो, हे यंत्र एकदा समजून घ्या. दूरच्या संगणकावरून मुलाकडे येते ते केवळ चित्र. इकडून तिकडे जातो तो कळफलकाचा आणि माऊसचा संदेश. काम तिकडेच होत असते. मुलगा संपर्क तोडून उठला, अथवा आपल्याकडची वीज गेली (आणि ती जातेच), तरी बहुधा ते सत्र तिकडे उघडेच राहते. पुन्हा जोडले की अर्धवट राहिलेल्या ओळीपासून काम पुढे चालू. तेव्हा निःसंकोच हाक मारा.

मुलांनी एवढे करावे: उठताना ‘लॉग आउट’ नव्हे, ‘डिसकनेक्ट’ करावे, आणि तुटलेले सत्र किती वेळ राखले जाते हे कार्यालयात विचारून ठेवावे. काही ठिकाणी ते लगेच बंद करण्याची व्यवस्था असते.

पुष्कळदा दूरचा संगणक एकाच मॉनिटरवर उघडतो आणि दुसरा रिकामा राहतो. जोडण्यापूर्वी ‘सर्व मॉनिटर वापरा’ हा पर्याय निवडावा लागतो. इंटरनेट संथ असेल तर दोन मॉनिटरचे चित्र अडखळते. अशा वेळी एकाच मॉनिटरवर अक्षरे मोठी करून काम केलेले बरे. अधिक वापराचा मॉनिटर नाकासमोर हवा, दुसरा त्याला लागून किंचित तिरपा. दिवसभर एकाच बाजूला मान वळवून बसणाऱ्यांचे खांदे संध्याकाळी आखडलेले असतात, आणि त्याच खांद्यांनी आईला उचलून बसवायचे असते. बायफोकल चष्मा असणाऱ्यांनी मॉनिटर खाली घ्यावा; नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी सतत वर राहते.

डोळ्यांसाठी दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, सुमारे 20 फुटांवर पाहावे, असे आम्ही सांगतो. टेबल असे ठेवा की मॉनिटरवरून नजर उचलताच दारातून आईची खाट दिसेल. तिला ऐकू कमी येत असेल, आवाज क्षीण असेल, तर उशाशी बिनतारी घंटीचे बटण द्यावे, आणि पाण्याचा तांब्या तिच्या हाताच्या अंतरावर. दोन मॉनिटर म्हणजे वायरीही दुप्पट. त्या भिंतीच्या कडेने चिकटवून घ्याव्यात. काठी टेकत न्हाणीघराकडे जाणाऱ्या माणसाच्या वाटेत एकही आडवी नको.