तोरण्याच्या चढातली आंबोळी

सिंहगड, राजगड आणि तोरणा. हे तीन गड जोडणाऱ्या एसआरटी अल्ट्रा या डोंगरी शर्यतीत माणसं ५० किलोमीटरांहून जास्त धावतात! पण तिथे पायांचा खरा कस अंतर काढत नाही, चढाची घडण काढते. कातळकडा, मग घसारा, मग पुन्हा कडा. ही घडण आली कुठून?

पायथ्याच्या वेल्हे गावातून १४०३ मीटर उंच तोरण्याकडे नीट बघा. काळा कातळ, त्यावर गवताळ उतार, त्यावर पुन्हा कातळ, थेट माथ्यापर्यंत. यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोंढा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून सरकत होता. ती जागा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, इतके आपण दूर आलो! तेव्हा जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा चहूकडे पसरला. एक थर निवला की त्यावर दुसरा.

मग एकाच थराचा खाली कडा आणि वर उतार कसा? आंबोळी आठवा. वाफ वर धावते, म्हणून जाळी पडते ती वरच्या अंगाला. लाव्ह्यातले वायूही असेच वर आले. थराचा माथा सच्छिद्र झाला आणि पोटातला भाग सावकाश निवून घट्ट बसला. घट्ट भाग ऊनपावसाला दाद देत नाही, त्याचा कडा होतो. सच्छिद्र भाग झिजून त्याचा मुरूम होतो. उतरताना बुटाखालून सर्रकन सटकतो तोच हा!

आधारासाठी कातळाला हात टेकाल तेव्हा क्षणभर निरखून बघा. काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतील. ते वायूचे जुने बुडबुडे. त्यांत झिरपलेल्या पाण्यानं खनिजं आणून भरली आणि पोकळीचे स्फटिक झाले. कुठे दोन थरांमध्ये विटकरी पट्टा दिसला, तर तो दोन लोंढ्यांमधला विसावा समजा. तेवढ्या काळात खालच्या दगडाचा वरचा भाग झिजून लाल झाला, मग वरून नवा लाव्हा आला.

पण मला सगळ्यात थक्क करते ती राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी वाट. आधी भराभर उंची गमवा, मग तीच घाम गाळून परत मिळवा. ही उठाठेव कशासाठी? कारण मधला डोंगर गेलाय! हे थर एके काळी सलग होते. आज ज्या दरीवरून वारा वाहतो तिथेही कातळ होता. एकीकडून कानंदी नदीनं, दुसरीकडून वेळवंडी नदीनं तो कोरून नेला, उरले ते गड आणि मधली ही सोंड.

आणि हे काम अजून चालू आहे. पावसाळ्यात वेळवंडी गढूळ होते आणि भोरच्या भाटघर धरणात गाळ आणून टाकते. तो या डोंगरांचाच चुरा.