क्लच घसरतोय, चिकटतोय की नुसताच ओरडतोय?

ऐन उन्हाळ्यात रावेर, यावल, सावदा पट्ट्यातून केळीचे ट्रक उत्तरेकडे निघतात, तेव्हा जळगावचा पारा चाळिशीच्या बराच वर गेलेला असतो. चोपडा, शिरपूर करत गाडी आग्रा महामार्गाला लागते आणि पळासनेरच्या पुढे सेंधव्याकडे जाताना बिजासनीचा घाट चढू लागते. अशा वेळी क्लचने दगा दिला, तर ट्रक जागच्या जागी उभा राहतो. केळी मात्र पिकायची थांबत नाही.

‘क्लच गेला’ म्हटले की चालकाच्या आणि मालकाच्याही मनात पहिल्यांदा येते ती क्लच प्लेट. ती बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. दिवस मोडतो, खर्च होतो. आणि एवढे करून दोष प्लेटमध्ये नसलाच, तर गाडी पुन्हा तशीच. म्हणून खोलण्याआधी क्लच नेमके काय सांगतोय, ते ऐकणे महत्त्वाचे. त्यातली बरीचशी परीक्षा चालकाच्या सीटवर बसूनच होते.

क्लच करतो काय?

इंजिन सुरू असताना त्याच्या टोकाचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, फिरतच असते. गिअरबॉक्सकडे जाणारा शाफ्ट मात्र गाडी उभी असताना चाकांबरोबर थांबलेला असतो. या दोघांची गाठ घालून देते ती क्लच प्लेट. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा तिला फ्लायव्हीलवर दाबून धरतात आणि केवळ घर्षणाच्या जोरावर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, दाब सुटतो आणि इंजिन व गिअरबॉक्स वेगळे होतात.

म्हणजे क्लचची कामे दोनच: पेडल सोडल्यावर घट्ट धरणे आणि दाबल्यावर पूर्ण सोडणे. पहिले बिघडले तर क्लच घसरतो, दुसरे बिघडले तर चिकटतो. बहुतेक तक्रारी या दोनपैकी एका खणात बसतात. त्यांची कारणे वेगळी, उपायही वेगळे.

उष्णतेचा हिशेब

गाडी जागेवरून उचलताना प्लेट काही क्षण घसरतेच आणि तापते. दोन आसांच्या ट्रकला मालासह 18.5 टन वजनाची परवानगी आहे. एवढी गाडी सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये उचलली आणि ताशी 5 किलोमीटरला क्लच पूर्ण बसला, तर ढोबळ हिशेबाने 18 किलोज्यूल उष्णता क्लचमध्ये तयार होते. तीच गाडी घाईने तिसऱ्या गिअरमध्ये उचलली आणि क्लच ताशी 15 किलोमीटरला बसला, तर उष्णता तिप्पट नव्हे, नऊपट होते, म्हणजे सुमारे 160 किलोज्यूल. अर्धा लिटर पाणी उकळीला आणायला एवढी उष्णता पुरते. चढावर, ट्रॅफिकमध्ये, हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली तर हा आकडा कुठल्या कुठे जातो. तापलेल्या अस्तराची पकड कमी होते, म्हणून ते आणखी घसरते आणि आणखी तापते. करपल्याचा उग्र वास येतो तो याच टप्प्यावर.

घसरणारा क्लच

भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये चालू असताना ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज आणि आरपीएमचा काटा चढला, पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. मिस्त्री याला ‘क्लच स्लिप मारतो’ म्हणतात. मात्र इथेच एक फसगत होते. पिकअप कमी आहे, पण आरपीएमही वाढत नाही, अशी तक्रार असेल तर क्लचला हात लावू नका. दोष डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, टर्बो किंवा चिकटलेल्या ब्रेकमध्ये शोधा.

खात्रीसाठी एक जुनी परीक्षा आहे. सपाट जागी हँडब्रेक लावून, चाकांना ओट लावून, पुढे-मागे कोणी नाही हे पाहून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. ते फिरतच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळते.

घसरण्याचे कारण नेहमी झिजलेली प्लेटच असते असे नाही. ॲडजस्टमेंटच्या क्लचमध्ये पेडलला सुरुवातीची थोडी मोकळी चाल असावी लागते. ती उरली नाही तर पेडल न दाबताही बेअरिंग टेकून राहते आणि पकड ढिली होते. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवण्याच्या सवयीचा परिणामही हाच. इंजिनाच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल प्लेटवर येत असेल, तर नवी प्लेटही टिकत नाही. आधी सील बदलायला हवे.

चिकटणारा क्लच

पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरत पडतो, पहिला आणि रिव्हर्स विशेष त्रास देतात, ही दुसरी जात. परीक्षा सोपी: इंजिन बंद करून गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. खरखर एखाद्याच गिअरला होत असेल, तर संशय गिअरबॉक्सवर घ्यावा.

आता पेडल दोन-तीनदा पंप करा. तेवढ्याने गिअर पडू लागला, तर दोष बहुधा तेलाच्या लाइनमध्ये आहे: तेल कमी, लाइनमध्ये हवा, किंवा सिलिंडरचे रबर गेलेले. हे काम गिअरबॉक्स न उतरवता होते. मोठ्या गाड्यांत पेडल हलके करण्यासाठी हवेच्या दाबावर चालणारा क्लच बूस्टर असतो. पेडल एकाएकी जड झाले, तर आधी हवेच्या मीटरकडे पाहा. टाकीत हवाच भरली नसेल, तर बूस्टर मदत करणार कशी?

आवाज आणि धडधड

न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते आणि सोडल्यावर थांबते, तर संशय रिलीज बेअरिंगवर. याउलट पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग बोलते आहे. गाडी उचलताना धडधडत असेल, तर प्लेटवर तेल, फ्लायव्हीलवर तापून पडलेले निळसर डाग, किंवा इंजिनाचे ढिले माउंटिंग. माउंटिंग बाहेरूनच दिसते, म्हणून ते आधी तपासावे.

उतारावरचा प्रश्न

वाटेत गाडी बंद पडणे हा नुकसानीचा विषय झाला. उतारावर प्रश्न जिवाचा असतो. 4 जुलै 2023 रोजी पळासनेरजवळ उतारावरून आलेला कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा जीव गेला. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. तो दोष क्लचचा नव्हता. पण ब्रेक एवढे का तापतात, हे समजले की क्लचचे महत्त्व कळते.

18.5 टनांची गाडी 100 मीटर उंची खाली उतरते, तेव्हा सुमारे 18 हजार किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. वरच्या तिसऱ्या गिअरच्या हिशेबाच्या शंभरपटीहून जास्त. ती सगळी ब्रेकवर टाकली तर लायनर तापून पकड सोडतात. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरायचे आणि इंजिनालाच गाडी अडवू द्यायची. एक्झॉस्ट ब्रेकही इंजिनामार्फतच काम करतो. क्लच दाबून ठेवला किंवा गाडी न्यूट्रल केली की हा आधार त्याच क्षणी तुटतो.

चिकटणाऱ्या क्लचचा खरा धोका इथे आहे. चालक उतारावर गिअर कमी करायला जातो, वरचा गिअर निघतो, खालचा पडत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि वेग वाढत जातो. वेग वाढला की खालचा गिअर पडणे आणखी कठीण. त्यामुळे क्लच चिकटत असल्याची शंका जरी असली, तरी भरलेली गाडी घाटात घालू नये. आणि क्लच ठीक असला तरी गिअर उतार सुरू होण्याआधीच कमी करावा, मध्यावर नव्हे.

मिस्त्रीच्या फुप्फुसांसाठी

क्लच खोलल्यावर आत काळपट भुकटी दिसते आणि हात आपोआप कंप्रेसरच्या पाइपकडे जातो. हे टाळायला हवे. क्लच आणि ब्रेकच्या अस्तरांत पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉस असे आणि आपल्याकडे त्याच्या वापरावर अजूनही संपूर्ण बंदी नाही. हे तंतू फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून होणारा फुप्फुसाचा कर्करोग किंवा इतर आजार कित्येकदा दोन-तीन दशकांनी उघड होतो. हवेच्या झोताने ही भुकटी सगळ्या गॅरेजभर पसरते आणि शेजारी उभ्या असलेल्या पोऱ्याच्याही श्वासात जाते.

उपाय खर्चिक नाही. भुकटी कोरडी उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, कामाचे कपडे घरी नेऊन झटकू नयेत. तोंडावरचा रुमाल हे सूक्ष्म तंतू अडवत नाही. नवी प्लेट घेताना ती ॲस्बेस्टॉसविरहित आहे का, हे विचारून घ्यावे.

गॅरेजमध्ये गाडी लावताना ‘क्लच खराब आहे’ एवढेच सांगू नका. आरपीएम चढतो का, गिअर कधी अडतो, पंप केल्यावर काय होते, आवाज पेडल दाबल्यावर येतो की सोडल्यावर, हे सांगा. डॉक्टरला नुसते ‘बरे वाटत नाही’ सांगून भागत नाही, तसेच हे आहे. एवढी चार उत्तरे मिळाली, तर चांगला मिस्त्री गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वीच निम्मे निदान करून मोकळा होतो.