सर्वात मौल्यवान कोण? बेसबॉलमधल्या एका वादातून वर्गासाठी धडा



वर्षअखेरीला 'आदर्श विद्यार्थी' निवडायची वेळ आली की शिक्षक खोलीत काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. एक जण म्हणतो, "हिचे गुण सर्वात जास्त आहेत." दुसरा म्हणतो, "पण तो वर्गाला सांभाळून घेतो." तास संपतो, वाद संपत नाही. एकदा निकालानंतर एका पालकाने मला शांतपणे विचारलं, "बाई, निकष काय होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा प्रश्न मुलांसमोर कसा मांडावा याचा विचार करताना मला अमेरिकेतल्या बेसबॉलचं एक उदाहरण फार उपयोगी वाटलं.

तिथल्या मेजर लीगमध्ये दरवर्षी प्रत्येक लीगसाठी 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर', म्हणजे सर्वात मौल्यवान खेळाडू निवडतात. मतदान करतात बेसबॉलचे वार्ताहर. २०१२ साली अमेरिकन लीगमध्ये दोन नावांवरून मोठा वाद झाला: डेट्रॉइट टायगर्सचा मिगेल कॅब्रेरा आणि लॉस एंजेलिस एंजल्सचा माइक ट्राउट.

आधी कॅब्रेराची बाजू पाहू. त्याची फलंदाजीची सरासरी ०.३३०. म्हणजे मोजल्या जाणाऱ्या दर १००० संधींमागे ३३० वेळा त्याने यशस्वी फटका मारला. (क्रिकेटची सरासरी वेगळी, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर गोंधळ होतो.) होम रन ४४. त्याच्या फलंदाजीमुळे संघाच्या खात्यात आलेल्या धावा १३९. या तिन्ही यादीत तो लीगमध्ये पहिला. याला 'ट्रिपल क्राउन' म्हणतात. त्याआधी हे जमलं होतं १९६७ साली, कार्ल यास्त्रेम्स्कीला. म्हणजे तब्बल ४५ वर्षांनी! शिवाय कॅब्रेराचा संघ आपल्या गटात पहिला येऊन बाद फेरीत गेला.

आता ट्राउट. वय अवघं २०, हंगाम चालू असतानाच एकविसावं लागलं. पहिलाच पूर्ण हंगाम, तोही एप्रिलच्या शेवटी सुरू झालेला. सरासरी ०.३२६, होम रन ३०. पण त्याने ४९ बेस चोरले, म्हणजे गोलंदाजाची नजर चुकवून पुढच्या बेसवर धाव घेतली, आणि त्यात तो फक्त ५ वेळा बाद झाला. स्वतः धावून १२९ धावा पूर्ण केल्या. चोरलेले बेस आणि पूर्ण केलेल्या धावा, दोन्हींत लीगमध्ये पहिला. क्षेत्ररक्षण तर असं, की कुंपणापलीकडे चाललेला चेंडू उडी मारून झेलायचा.

ट्राउटच्या बाजूचे लोक म्हणायचे, की 'ट्रिपल क्राउन' फक्त फलंदाजी मोजतो. धावणं, झेल घेणं, यांचं काय? आणि १३९ धावांपैकी बऱ्याच तेव्हाच मिळतात, जेव्हा आपले साथीदार आधीच बेसवर उभे असतात. त्याचं श्रेय एकट्याला कसं द्यायचं? म्हणून ते 'वॉर' नावाचा आकडा पुढे करायचे. त्यामागची कल्पना सोपी आहे. या खेळाडूच्या जागी सहज मिळणारा साधा बदली खेळाडू ठेवला, तर संघ किती सामने कमी जिंकेल? यात ट्राउटचा आकडा १० च्या आसपास, कॅब्रेराचा ७ च्या आसपास.

मग दुसरी बाजू म्हणायची, "पण ट्राउटचा संघ बाद फेरीत गेलाच नाही ना!" इथे मुलांना थांबवा आणि आकडे दाखवा. टायगर्सनी जिंकले ८८ सामने, एंजल्सनी ८९. एंजल्सच्या गटात आणखी दोन तगडे संघ होते, म्हणून ते तिसरे राहिले. गट कठीण होता, हा दोष ट्राउटचा का? एवढ्या एका प्रश्नावर वर्गात अर्धा तास चर्चा होऊ शकते.

निकाल काय लागला? २८ मतदारांपैकी २२ जणांनी कॅब्रेराला पहिलं स्थान दिलं, ६ जणांनी ट्राउटला. पहिल्या स्थानाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८ अशी पद्धत आहे. उरलेल्या सहाही जणांनी कॅब्रेराला दुसरं स्थान दिलं, म्हणून २२ × १४ + ६ × ९ = ३६२. ट्राउटला मिळाले २८१. गणिताच्या तासाला विचारा: ट्राउटला दुसरं स्थान किती जणांनी दिलं असेल? (उत्तर: २१ जणांनी, आणि एकाने तिसरं. पडताळून बघा.)

गंमत अशी, की 'मौल्यवान' म्हणजे नेमकं काय, याची पक्की व्याख्या मतदारांना दिलेलीच नसते. ते प्रत्येकाने आपापलं ठरवायचं असतं. मात्र खेळाडूचा संघ बाद फेरीत गेलेलाच हवा अशी अट नाही, हे सूचनांमध्ये स्पष्ट असतं. म्हणजे दोन्ही बाजूंचे आकडे खरे होते. भांडण आकड्यांचं नव्हतंच, शब्दाच्या अर्थाचं होतं.

वर्गात हे असं करून पाहा. दोन्ही खेळाडूंचे आकडे नावं न सांगता फळ्यावर लिहा, 'क्ष' आणि 'य'. कोणालाही मत देऊ देण्याआधी प्रत्येकाला एका वाक्यात लिहायला लावा, "माझ्या मते मौल्यवान म्हणजे..." मग मतदान घ्या. शेवटी आपलं मत आपल्याच वाक्याशी जुळतं का, ते तपासायला सांगा. बरीच मुलं आधी आवडता खेळाडू ठरवतात आणि निकष मागून शोधतात. खरं सांगायचं तर आपणही तेच करतो.

म्हणून या वर्षी आमच्या वर्गापुरतं मी एक ठरवलंय. 'आदर्श विद्यार्थी'चे निकष जूनमध्येच, मुलांशी बोलून, भिंतीवर लावायचे. मार्चमध्ये वाद होईलच, व्हायलाही हवा. पण कोणी निकष विचारला, तर भिंतीकडे बोट दाखवता येईल.