हवाईच्या राणीचे दप्तर



साखर धंद्यात एके काळी हवाई बेटांचे नाव मोठ्या मानाने घेतले जाई. पॅसिफिक महासागरातली ही बेटे. तिथला शेवटचा साखर कारखाना माउई बेटावर होता, तो २०१६ साली बंद पडला. पण आज सांगायचे आहे ते कारखान्याचे नव्हे, तिथल्या शेवटच्या राणीचे. आणि त्याहीपेक्षा तिच्या कारभाराच्या कागदांचे.

राणी लिलिउओकलानी २९ जानेवारी १८९१ रोजी गादीवर आली आणि १७ जानेवारी १८९३ ला तिला गादीवरून काढले. पुरती दोन वर्षेसुद्धा नाहीत. तो काळ उसाला वाईट होता. १८७६ पासून हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जात होती, त्यावर मळे वाढले होते. पण अमेरिकेने १८९० च्या कायद्याने सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेची जकात उठवली आणि आपल्या उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान लावले. हवाईची सवलत एका फटक्यात फुकट गेली. त्यातच राणीने नवी राज्यघटना आणायचे ठरवले, कारण १८८७ ची घटना तिच्या भावाच्या, राजा कालाकाउआच्या गळ्यात धाकदपटशाने बांधलेली होती. तिने हा विचार १४ जानेवारीला बोलून दाखवला. बहुतेक गोऱ्या असलेल्या तेरा जणांच्या समितीने उठाव केला, अमेरिकन युद्धनौकेवरचे दीडशेवर सैनिक किनाऱ्यावर उतरले आणि चौथ्या दिवशी राज्य गेले.

आता हे सगळे कळते कशावरून? इथेच खरी मेख आहे. या एकाच घटनेवर अमेरिकन सरकारच्या दप्तरी दोन अहवाल आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. ब्लाउंट नावाचे गृहस्थ १८९३ साली स्वतः होनोलुलूत जाऊन राहिले, लोकांच्या जबान्या घेतल्या. अमेरिकन वकिलानेच उठावाला हात दिला, असे त्यांनी लिहिले. पुढच्याच वर्षी सिनेटर मॉर्गन यांच्या समितीने वॉशिंग्टनमध्ये बसून चौकशी केली आणि राणी सोडून बाकी सगळ्यांना निर्दोष ठरवले. मॉर्गनचे लोक म्हणत, ब्लाउंटने साक्षी शपथेवर घेतल्या नाहीत. ते खरे होते. पण ज्याने जागा पाहिलीच नाही त्याने पंचनामा लिहावा, हे आम्हाला तरी पटत नाही.

उठाव सगळ्या साखरवाल्यांनी मिळून केला, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. साखरेचा सर्वात बडा धनी क्लाउस स्प्रेकल्स उठाववाल्यांच्या विरोधात होता. हवाई अमेरिकेत गेली तर करारावर आणलेले आशियाई मजूर बंद होतील, अशी भीती कित्येक मळेवाल्यांना होती.

राणीचे स्वतःचे म्हणणेही कागदावर आहे. १८९५ साली तिला अटक झाली. घराची झडती होऊन कागद जप्त झाले, त्यात तिच्या रोजनिश्या होत्या. स्वतःच्याच राजवाड्यात एका खोलीत तिला कैदेत ठेवले. सुटल्यावर तिने १८९८ मध्ये इंग्रजीत आपली हकीकत छापली. रोजनिश्या मात्र सर्वांना वाचायला मिळाल्या त्या २०१९ साली.

हवाई भाषेतली वर्तमानपत्रेही होती, शंभराच्या वर, सव्वा लाखाच्या आसपास पाने. पण १८९६ च्या कायद्याने शाळा इंग्रजी झाल्या आणि दोन पिढ्यांत ती पाने वाचणारे उरले थोडे. मग इतिहास लिहिला गेला तो इंग्रजी कागदांवरून, म्हणजे बव्हंशी जिंकणाऱ्यांच्या कागदांवरून. तिथल्या प्रजेने मुकाट्याने सोसले, असाच समज रूढ झाला.

तो समज एका अर्जाने मोडला. १८९७ साली हवाई अमेरिकेला जोडण्याचा तह सिनेटपुढे होता. त्याविरुद्ध तिथल्या देशाभिमानी संघटनेने बेटोबेटी सह्या गोळा केल्या. पुरुषांची शाखा वेगळी, बायकांची वेगळी. हिलो गावच्या सभेत एमा नावाही या बाईंनी उभे राहून लोकांना अर्ज समजावून सांगितला. एकूण २१,२६९ सह्या, ५५६ पाने. मूळ हवाई लोकांची संख्या, मिश्र वंशाचे धरूनही, तेव्हा चाळीस हजारांच्या आत होती, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांची सही. आपल्या वार्षिक सभेची कोरम भरायला किती धावपळ होते ते आठवा!

चौघे प्रतिनिधी हा गठ्ठा घेऊन वॉशिंग्टनला गेले. तहाला लागणारी दोन-तृतीयांश मते काही जमली नाहीत. पण १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटले, आणि साध्या बहुमताचा ठराव करून बेटे घेतलीच. अर्ज वॉशिंग्टनच्या सरकारी अभिलेखागारात पडून राहिला.

१९९६ साली नोएनोए सिल्वा या हवाईच्या अभ्यासक बाईंनी तो शोधून काढला. त्यांना हवाई भाषा येत होती, म्हणून जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्यांशी सह्यांचा मेळ घालता आला. पानांच्या प्रती हवाईत आल्या तेव्हा माणसे त्यावर वाकून बोट फिरवीत राहिली. प्रत्येक सहीपुढे वय लिहिलेले होते. कोणी पणजोबा शोधत होते, कोणी पणजीची सही.