परिणाम औषधाचा की उपचाराचा?

‘ऑन्टॉलॉजी म्हणजे शब्दांची यादीच ना?’ हा प्रश्न हमखास येतो. तर नाही. यादीत नुसती नावं असतात. ऑन्टॉलॉजीत नावांमधली नाती तर्काच्या भाषेत लिहिलेली असतात. त्यामुळे न लिहिलेली गोष्टही संगणकाला त्यातून काढता येते. उदाहरण पनवेलच्या जवळचंच घेऊ.

नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचं काम कित्येक दशकं चालू आहे. कुष्ठरोगावरच्या एमडीटी या उपचारातलं महत्त्वाचं औषध म्हणजे रिफॅम्पिसिन. क्षयरोगावरही तेच देतात. आता ही विधानं बघा:

१. रिफॅम्पिसिनमुळे यकृतात सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढतं.
२. हे एन्झाइम इथिनिल एस्ट्राडिओलचं विघटन करतं.
३. बऱ्याच गर्भनिरोधक गोळ्यांत इथिनिल एस्ट्राडिओल असतं.

‘रिफॅम्पिसिन चालू असताना या गोळीचा भरवसा नाही’ असं यात कुठेही लिहिलेलं नाही. पण ‘एन्झाइम वाढलं की ते ज्याचं विघटन करतं त्याची रक्तातली पातळी घटते’ हा नियम जोडला, की रीझनर तो इशारा आपणहून देतो. क्षयरोगाच्या रुग्ण महिलेसाठी तो अगदी रास्त आहे.

पण थांबा. क्षयरोगात रिफॅम्पिसिन रोज घेतात. एमडीटीत मोठ्यांना ६०० मिलिग्रॅम, तेही महिन्यातून एकदाच. एन्झाइम वाढायला सलग काही दिवस औषध लागतं. महिन्याच्या एका डोसाने गोळीवर लक्षणीय परिणाम होत नाही. म्हणजे इथे तोच इशारा बिनकामाचा. आणि त्याला घाबरून कुणी गोळी किंवा उपचारच सोडला तर?

तर्क चुकला का? नाही, मांडणी चुकली. आपण परिणाम औषधाला चिकटवला; तो उपचाराला जोडायला हवा होता. ‘उपचार’ हा वेगळा वर्ग करा आणि औषध, मात्रा, किती वेळा, किती दिवस हे सगळं त्याला जोडा.

‘कुष्ठरोगात अपवाद’ अशी ओळ नंतर घालू, असं वाटेल. ओडब्ल्यूएलमध्ये ते जमत नाही. नवी माहिती आली म्हणून आधीचा निष्कर्ष मागे घेतला जात नाही. उलट विसंगती निघते. म्हणून अटी सुरुवातीलाच लिहायच्या.

आता तुमच्यासाठी गृहपाठ: एमडीटीतलंच डॅप्सोन घ्या. जी६पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्यांत त्याने रक्तपेशी फुटू शकतात. ही अट तुम्ही कशाला जोडाल: औषधाला, उपचाराला, की रुग्णाला?