नवा टीव्ही कोणासाठी?

घरात नवा टीव्ही घ्यायचा ठरले की चर्चा पडद्याच्या आकारापासून सुरू होते आणि किमतीपाशी संपते. तो अधिक काळ कोण पाहणार, हा प्रश्न बहुधा राहूनच जातो. ज्येष्ठ व्यक्तीला ज्याची दिवसभर सोबत होणार, तो संच तिचे डोळे, कान आणि हात विचारात घेऊनच निवडायला हवा.

प्रथम अंतर मोजावे. पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट ते अडीचपट अंतर सुखावह ठरते. ४३ इंची संचासाठी ते सुमारे साडेपाच ते नऊ फूट होते. मध्यम खोलीला हा आकार पुरेसा आहे. पलंगावरून तिरके पाहावे लागत असेल, तर आयपीएस पडदा घ्यावा. कडेने पाहतानाही त्याचे रंग फारसे फिके पडत नाहीत. संच उंच टांगल्यास मान अवघडते. बसल्यावर नजर पडद्याच्या मध्याजवळ यावी. मोतीबिंदू असलेल्यांना चकाकीचा त्रास होतो, म्हणून पडदा खिडकीसमोर नसावा.

वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते, तेव्हा बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात; आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. त्यातच सपाट संचांचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. मग आवाज वाढतो आणि घरात कुरबुरीही वाढतात. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे. वाचलेली रक्कम मोठ्या पडद्यावर न घालवता साउंडबार किंवा ब्लूटूथ हेडफोनसाठी ठेवावी. हेडफोन लावल्यावर संचाचा स्पीकरही चालू ठेवता येतो का, हे दुकानातच पाहावे. आवाज वारंवार वाढवावा लागत असेल, तर श्रवणतपासणी टाळू नये.

शेवटी रिमोट आजी-आजोबांच्या हाती द्यावा. बटणे उठावदार आहेत का? अंकांची बटणे आहेत का? नेहमीची वाहिनी त्यांना स्वतः लावता येते का? प्रत्येक वेळी नातवाला हाक मारावी लागली, तर माणूस हळूहळू टीव्ही लावणेच सोडून देतो. ज्येष्ठांना कोणाच्याही मदतीवाचून लावता येईल, तोच संच घरासाठी योग्य समजावा.